मुलुंडच्या रस्त्यांवरील इतिहास

शहराचा इतिहास बखरींत व दप्तरांत शोधण्याची आपली रीत आहे. परंतु ज्या वस्तीला बखर नाहीं, तिचा इतिहास कोठें पाहावा? आमच्या मतें, रस्त्याकडेच्या खाण्याच्या गाड्यांवर. मुलुंड पायीं हिंडतांना याचा प्रत्यय येतो.

१८५३ सालीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली. येथील सरळ रस्त्यांची आंखणी १९२२ ची. स्थानकाबाहेर प्रथम भेटतो तो वडापाव. त्याचा जन्म १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर झाला असें मानतात. परंतु त्यांतील पाव, बटाटा व मिरची हीं तिन्ही पोर्तुगीजांच्या अमदानींत या किनाऱ्यावर आलेलीं. ज्याला आपण अस्सल मराठी म्हणतों त्याचेंच गोत्र असें दूरदेशींचें! पांच रस्त्यांच्या बाजूस दाबेली दिसते. ती कच्छांतील मांडवीची. येथील कच्छी कुटुंबांच्या वस्तीबरोबर रुजलेली. पुढें लालबहादूर शास्त्री मार्ग ओलांडून मुलुंड कॉलनींत गेलें कीं न्याहारीला दाल-पकवान मिळतें. १९४७ च्या फाळणीनंतर येथें सिंधी निर्वासित वसले. घरेंदारें मागें राहिलीं. बरोबर आणतां आली ती जिभेवरची चव.

म्हणून या पदार्थांस केवळ जिभेचे चोचले म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. स्वच्छतेचा आग्रह अवश्य धरावा. २०१४ च्या कायद्यानें पथविक्रेत्यांच्या उपजीविकेस संरक्षण दिलें आहे; त्यांच्या पदार्थांतील स्मृति जपण्याचें काम मात्र कायद्याचें नव्हे, आपणां खाणारांचें आहे.