पुढचा शाफ्ट

जुनी जीप गॅरेजला आली की मालक आधी बॉनेट उघडतो. मी पोतं अंथरून गाडीखाली शिरतो आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर नेणारा दांडा, जागेवर आहे का ते बघतो. बहुतेक वेळा नसतो. कऱ्हाड-पाटणच्या भागात ज्या जुन्या जिपा माझ्या हाताखालून गेल्या, त्यांतल्या बऱ्याच जणींची पुढची चाकं कित्येक वर्षं नुसती घरंगळत होती, ओढत नव्हती. शाफ्ट कुठाय म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: आजोबांनी काढून माळ्यावर टाकला होता, पुढं भंगारवाल्यानं नेला.

जी गाडी मुळात चारी चाकांनी ओढावं म्हणून जन्माला आली, तिची दोन चाकं आपल्याकडच्या शहाण्यासुरत्या माणसांनी जाणूनबुजून सोडवून टाकली. आता त्यांचे नातू ती पुन्हा जोडून मागतात. सध्या माझ्या शेडमध्ये सीजे-३बी जातीची जीप उभी आहे, तिची हीच कथा. मालक पंचविशीतला पोरगा. गाडी त्याच्या आजोबांनी सरकारी लिलावात घेतलेली, आणि गुऱ्हाळाच्या मागं पाचटाच्या गंजीला टेकून पडलेली. "काका, हिला परत डोंगरात न्यायचीय," म्हणाला. म्हटलं, नेऊ. पण ती डोंगरातनं खाली का आली ते आधी ऐक.

१९४० मध्ये युरोपात लढाई पेटली होती आणि अमेरिकेच्या लष्कराला हलकी, चारी चाकं ओढणारी टेहळणीची गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं ४९ दिवसांत पहिला नमुना करून दिला. लष्करानं तो बघितला, आवडला, आणि मोठी ऑर्डर मात्र विलीज आणि फोर्ड यांना दिली, कारण बँटमचा कारखानाच लहान. धंद्यात हे असं चालतं. विलीजचं इंजिन सरस होतं: २२०० सीसीच्या आसपास, ६० अश्वशक्ती. विलीजचे मुख्य इंजिनिअर बार्नी रूस यांनी आधीच्या मरतुकड्या इंजिनवर काम करून ते तिथवर आणलं होतं. लष्कराच्या कागदांत या गाडीची नोंद पाव टनी ट्रक अशी आहे. युद्ध संपेपर्यंत असे सहा लाखांहून जास्त ट्रक तयार झाले, आणि त्यांतले पुष्कळ आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर चिखल तुडवत होते.

युद्ध संपल्यावर जगभर या गाड्यांचे ढीग उरले. मोडकळीस आलेली जीप उभी करायची हौस नवी आहे असं पोरांना वाटतं. आपल्या देशाच्या सरकारनंच ती पहिल्यांदा केली, आणि अंगलट आली. १९४८ मध्ये काश्मीरची लढाई चालू असताना लंडनमधले आपले हायकमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी दुरुस्त केलेल्या जुन्या जिपांचा सौदा केला. रक्कम ८० लाखांच्या घरातली. पैसे बरेचसे आगाऊ गेले, आणि देशात उतरल्या त्या १५५ गाड्या. त्यासुद्धा लष्कराला कामाच्या वाटेनात. संसदेत वर्षानुवर्षं गदारोळ झाला, अखेर १९५५ मध्ये सरकारनं प्रकरण मिटल्याचं सांगितलं. राजकारणातलं मला कळत नाही. पण वरून रंग मारलेली जुनी जीप न उघडता विकत घेऊ नये, एवढं त्यातनं कळायला हरकत नव्हती.

याच सुमारास मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात झाली. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र या भावांनी १९४५ मध्ये मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत पोलादाची पेढी काढली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. इकडं पेढीच्या नावातलं मोहम्मद जाऊन दुसरं महिंद्र आलं. कैलासचंद्र युद्धकाळात वॉशिंग्टनला सरकारी पुरवठ्याच्या कामावर होते, तिथं त्यांची रूस यांच्याशी ओळख झाली आणि त्या ओळखीतनं जीप हिंदुस्थानात आली. आधी नुसते सुटे भाग आणून जोडायचं काम. मग एकेक भाग इथंच व्हायला लागला.

पुढं विलीजनं १९५३ मध्ये सीजे-३बी काढली. हिचं बॉनेट उंच का, हे गिऱ्हाइकं नेहमी विचारतात. नव्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमधून काढून वर हेडमध्ये नेले, इंजिन उंच झालं, मग बॉनेट उचलावं लागलं. दिसायला ती बेढबच. अमेरिकेत १९६८ ला ती बंद झाली. आपल्याकडं मात्र तोच सांगाडा, तेच नाक थोड्याफार फरकानं २०१० पर्यंत निघत राहिलं. अमेरिकेतला हौशी माणूस ज्या भागासाठी महिनोन्‌महिने वाट बघतो, तो इथं पुण्याच्या जुन्या बाजारात नाहीतर दिल्लीच्या काश्मिरी गेटला मिळतो, तो यामुळं.

माझे वडील कोयना प्रकल्पावर जीप चालवायचे. स्टिअरिंग डावीकडं, मागं 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असं रंगवलेलं. हेळवाकहून कुंभार्ली उतरून पोफळीला साहेबांना न्यायचं, आणि जिथं रस्ता अजून आखायचाच होता तिथंही न्यायचं. तेव्हा आडरस्ता म्हणजे खेळ नव्हता, नोकरी होती. पावसाळ्यात चार महिने पुढचा गिअर हाताला लागलेलाच असायचा, असं ते सांगत. तशाच जिपा १९५२ नंतर समाजविकास योजनेत गटविकास अधिकाऱ्यांना मिळाल्या, युनिसेफकडून आरोग्य केंद्रांना मिळाल्या, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्यावर त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. साखर कारखान्याच्या चेअरमनची जीप आली की गाव गोळा व्हायचं. पण या सगळ्या गाड्यांना सरकारी नाहीतर संस्थेचं पेट्रोल होतं, आणि वर्कशॉपला पगारी फिटर होता. पुढची चाकं जोडायची आणि लो गिअर टाकायची अशा दोन लिव्हर कधी ओढायच्या आणि कधी सोडायच्या, हे ड्रायव्हरला शिकवलेलं होतं.

शिकवावं लागतं, कारण या गाडीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नाही. दोन्ही एकमेकांना घट्ट बांधलेले. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक जरा घसरतं आणि हिशेब मिटतो. डांबरावर घसरायला जागाच नाही, म्हणून तो ताण शाफ्टमध्ये, गिअरांमध्ये पिळ्यासारखा साठत जातो. लिव्हर अडकून बसते. गाडी चार हात मागं घेतली की सुटते, पण हे माहीत नसलेला माणूस लिव्हरवर लाथ घालतो.

आणि मग डांबर आलं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून रस्ते झाले, पुढं रोजगार हमीवर आणखी झाले. ७३ च्या शेवटी जगात तेल भडकलं. त्याच काळात सरकारी जिपा लिलावात निघून बागायतदारांच्या, ठेकेदारांच्या हातात आल्या. पेट्रोल आता स्वतःच्या खिशातलं. पुढची चाकं नुसती फिरली तरी आतले एक्सल, डिफरन्शियल, शाफ्ट सगळं सोबत फिरवतात, इंजिनाला ओझं होतं. चाकाशी सोडता येणारे फ्रीव्हील हब मिळायचे, पण ते महाग. दोन क्रॉसचे बोल्ट काढायला मात्र फुकटातला अर्धा तास. आजोबांनी शाफ्ट काढला तो असा. मी त्यांना नावं ठेवणार नाही.

पुढची पायरी डिझेल इंजिन. महिंद्र कंपनीनं स्वतःच ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये घातलं, पुढं पूजोचं परवान्यावर इगतपुरीला होऊ लागलं. गावोगावच्या फिटरांनी जुनी पेट्रोल इंजिनं उपसून जे हाताशी येईल ते बसवलं. नंतर वडाप, म्हणजे खासगी प्रवासी वाहतूक. मागं बाकडी, टपावर माणसं, फूटबोर्डावर माणसं. त्यात पुढच्या एक्सलचा हौसिंग वजन म्हणूनच खटकायला लागला. काहींनी तो काढून साधा एक्सल टाकला. लो गिअर मात्र चढाला उपयोगी, म्हणून तो वापरत राहिले, आणि तिथं घात झाला. जोर पुढं-मागं वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडतच नाही अशी पिन मुद्दाम घातलेली आहे, कारण लोचा सगळा जोर एकट्या मागच्या एक्सलला सोसत नाही. शाफ्टच काढलेला असला की लिव्हर पडते, पिन फसते आणि जोर मागंच जातो. मागचे एक्सल तुटायला लागले की लोक कंपनीला शिव्या द्यायचे.

तर ही सीजे-३बी. तिच्या नशिबानं आजोबांनी शाफ्ट काढला, पण इंजिन पेट्रोलचंच ठेवलं आणि पुढचा हौसिंग जागेवर ठेवला. पोरगा बॅटरी घेऊन आला होता. मी ती बाजूला ठेवायला लावली. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनाला स्टार्टर मारणं म्हणजे अडकलेल्या पिस्टन रिंगा मोडून घेणं. प्लग काढले, चारी सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतलं आणि तसंच मुरू दिलं. मग पुढून हँडल घालून हलक्या हातानं मागं-पुढं. एका संध्याकाळी ते सुटलं. एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वर अडकून राहिला होता, तोही तेल पाजून खाली बसला.

टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. आतलं पेट्रोल आटून राळ झालेलं, वास रंगाच्या दुकानासारखा. ती उतरवून आत खडे घालून खळखळवली, तरी तळाशी भोकं निघालीच. कार्ब्युरेटर, पॉइंट, कंडेन्सर ही कामं किरकोळ. ब्रेक मात्र किरकोळ नाहीत: मास्टर सिलिंडर पायाखाली चेसिसला, चिखलपाण्याच्या तोंडी, आणि सगळ्या चाकांना मिळून एकच लाइन. एक नळी फुटली की चारी ब्रेक गेले. म्हणून नळ्या, रबरं, चाकातले सिलिंडर, काहीही जुनं ठेवू दिलं नाही. रंग नंतर मार म्हटलं, पोरगा रुसला.

खरा वेळ गेला पुढच्या हौसिंगमध्ये. चाक वळतं तिथं दोन्ही टोकांना लोखंडी गोळा असतो, आत जॉइंट, बाहेरून फेल्ट आणि सील. गाडी उभी राहिली की फेल्ट पाणी धरून ठेवतं आणि गोळ्यावर गंजाचे खड्डे पडतात. नवं सील त्या खड्ड्यांवर महिन्याभरात फाटतं. दुकानदार सील विकून मोकळा होतो. मी गोळे कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन भरून, लेथवर उतरवून आणले. मग किंगपिनच्या शिमा घालून चाक वळवायला किती जोर लागतो ते स्प्रिंगच्या काट्यानं बघितलं. ट्रान्सफर केसमधला मधल्या गिअरचा शाफ्ट झिजून सैल झालेला, तिथूनच तेल गळत होतं. जुन्या जिपा तेल गाळणारच, असं म्हणणाऱ्या फिटरकडं गाडी देऊ नये. पुढचा प्रोपेलर शाफ्ट दुसऱ्या मोडलेल्या जीपचा मिळाला, लांबी जुळली, क्रॉस नवे टाकले.

आता हिशेब सांगतो. पहिला गिअर २.८, लो २.४६, डिफरन्शियल ५.३८. गुणाकार ३७ च्या आसपास. इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा. सत्तरच्या आसपास अश्वशक्तीची ही म्हातारी म्हणूनच चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न देता चढते. पोरांना मोठे टायर हवे असतात. मोठा टायर टाकला की हाच गुणाकार बिघडतो, वर स्टिअरिंगच्या जुन्या बॉक्सवर भार येतो. मूळ ६.००-१६ च ठेव, हवा कमी कर, एवढं सांगितलं.

पोराच्या चुलतभावाचं म्हणणं होतं डिझेल टाका. वीस वर्षांपूर्वी मी टाकलंही असतं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं गाडीचं मूळ रूप बदलायला चाप लावला, आणि आरटीओत आता इंजिन नंबर नीट बघतात. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ पासून व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, फी वीस हजार. पण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शनाला आणि रॅलीला न्यायची. पोराला तर वरच्या शेतात खत न्यायचंय. त्यानं तीन अक्षरांचा जुना नंबर ठेवून साधी नोंदणीच पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायचं ठरवलं. त्याच्या आजोबांसारखा लिलाव मात्र आता व्हायचा नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द होते आणि त्या मोडीत जातात. सरकारी शेडमधून गावात जीप येण्याची वाट तिथं संपली.

एका गोष्टीवरून आमचं वाजलं. त्याला मित्रांबरोबर सड्यावर गाडी न्यायची होती. वरचे सडे म्हणजे कातळ आणि त्यावर बोटभर माती. पावसाळ्यात त्या मातीत जे उगवतं ते दुसरीकडं उगवत नाही, आणि टायरची एक चाकोरी पडली की माती वाहून जाते. कासच्या पठाराचं नाव २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं, पण आपल्या मागचा बिननावाचा सडाही त्याच जातीचा. मी म्हटलं, तिकडं नेणार असशील तर शाफ्ट काढून देतो. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, आत्याच्या मालकीची बंद पडलेली दगडखाण आहे, उतार आहे, चिखल आहे, पाणीही साचतं. परवाच्या पावसात त्यानं पहिली चाचणी तिथं घेतली. डाव्या गोळ्याच्या सीलमधून थोडं ग्रीस आलंय म्हणाला. सोमवारी गाडी पुन्हा शेडला घ्यायची आहे.