ताई घडवण्याची रीत

“मुलं सांभाळायला कसलं आलंय ट्रेनिंग?” हा प्रश्न अंगणवाडीतल्या प्रत्येक ताईने कधी ना कधी ऐकलेला असतो. घरात आजी सांभाळते, थोरली बहीण सांभाळते, त्यांच्याकडे कुठलं प्रमाणपत्र असतं? मग तीन-चार वर्षांची पोरं दोन तास बसवायला शिकायचं ते काय? या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे फार पूर्वी देऊन झालं आहे, तेही वर्गावर्गांतून, वाड्यावस्त्यांतून, प्रत्यक्ष काम करून. ज्यांनी ते दिलं त्यांची आठवण मात्र पुसट होत चालली आहे.

सुरुवात आपल्याकडची नाही. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि तीन वर्षांनी तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. मुलांसाठी खेळणी, गाणी, बाग हे सगळं जुळवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की हे चालवणारं माणूसच तयार करावं लागणार. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते तरुण मुलींना हे काम शिकवत राहिले. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली, पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारले आणि बंदी उठायला १८६० साल उजाडलं. तोवर त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बाया देशोदेशी पोचल्या होत्या. पद्धत तगली ती त्यांच्यामुळे.

अमेरिकेत पोचलेली हीच विद्या एका मराठी बाईने हेरली. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६ साली फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथे त्यांनी किंडरगार्टनची पद्धत मन लावून शिकून घेतली. त्यांच्या डोळ्यांपुढे मुलं तर होतीच, पण त्याहून जास्त होत्या त्या घरोघर कोपऱ्यात बसवलेल्या विधवा. शिक्षिका होणं हा त्यांच्यासाठी मानाने जगण्याचा धंदा होऊ शकतो, हे रमाबाईंनी ओळखलं. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघालं त्यामागे हाही हिशेब होता. आपल्याकडे लहान मुलांची शिक्षिका घडवण्याचा विचार असा पहिल्यापासून बाईच्या स्वतःच्या पायावर उभं राहण्याशी बांधलेला आहे. पुढची सगळी हकिगत हेच सांगते.

इटलीत डॉक्टर मारिया मॉंटेसरी यांनी १९०७ च्या जानेवारीत रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं आणि दोनच वर्षांत शिक्षकांसाठी अभ्यासवर्ग सुरू केला. प्रशिक्षण त्यांनी अखेरपर्यंत स्वतःच्या हातात ठेवलं. त्यांची पुस्तकं मात्र कुणाच्या परवानगीची वाट न पाहता जगभर फिरली आणि सौराष्ट्रात गिजुभाई बधेका नावाच्या एका वकिलाच्या हाती पडली. स्वतःच्या मुलाला कसं वाढवायचं या प्रश्नाने ते बेचैन होते. १९१६ साली वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केलं. मुलं आणि पालक त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणत, मिशावाली आई.

गिजुभाईंनी मॉंटेसरीबाईंची साधनं घेतली, पण लोककथा, नाटक, गरबा, गाणी या गोष्टी आपल्या मनाने त्यांत मिसळल्या. बालमंदिर नीट चालू लागल्यावर फ्रोबेल यांच्यासारखंच त्यांच्याही लक्षात आलं, की एका बालमंदिराने काही होत नाही. बालमंदिर चालवणारी माणसं हवीत. म्हणून १९२५ च्या सुमारास बालमंदिराला लागूनच अध्यापन मंदिर निघालं आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला.

अध्यापन मंदिर बालमंदिराला लागून होतं हा योगायोग नव्हता, सगळ्या रचनेचा पायाच तो होता. शिकायला आलेल्या माणसाने आधी कोपऱ्यात गप्प बसून मुलांकडे बघायचं. भोकांत दट्टे बसवायची लाकडी पट्टी घेऊन बसलेलं मूल काय करतं, कुठे अडतं, किती वेळा तेच पुन्हा करतं, कधी उठून जातं, हे वहीत लिहायचं. ‘हुशार’, ‘आळशी’, ‘हट्टी’ असले शब्द लिहायचे नाहीत, डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. मोठ्या माणसाला हे अतोनात जड जातं. मूल अडलं की आपला हात आपोआप पुढे होतो. तो हात आवरणं हाच या शिक्षणाचा पहिला धडा, आणि तो भाषणातून शिकवता येत नाही. समोर खरी मुलं असावी लागतात, शेजारी जाणतं माणूस असावं लागतं आणि दिवसामागून दिवस जावे लागतात. मारायचं नाही, भीती घालायची नाही, बक्षिसाचं आमिष दाखवायचं नाही, हे नियम पाठ करायला पाच मिनिटं पुरतात. अंगात मुरायला मात्र महिने लागतात.

या अध्यापन मंदिराच्या उभारणीत गिजुभाईंच्या बरोबरीने होत्या ताराबाई मोडक. जन्म १८९२, माहेरच्या केळकर, प्रार्थना समाजाच्या वातावरणात वाढलेल्या, १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या. संसार टिकला नाही. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य म्हणून मानाची, चांगल्या पगाराची जागा त्यांच्याकडे होती. ती सोडून १९२३ साली त्या भावनगरला गेल्या. शिक्षिका घडवण्याचं कॉलेज चालवलेल्या बाईला अशा कॉलेजात काय कमी पडतंय हे कळलं होतं, असं मला त्यांच्या या निर्णयाकडे बघताना वाटतं. नऊ वर्षं त्या भावनगरला राहिल्या, ‘शिक्षणपत्रिका’ त्यांनी सांभाळली आणि पुढे ती मराठीतही आणली. मुंबईला परतल्यावर १९३६ साली दादरला शिशुविहार उभं केलं. अध्यापन मंदिराची रीतही त्यांच्याबरोबर मराठी मुलखात आली.

गिजुभाई १९३९ च्या जूनमध्ये गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस मॉंटेसरीबाई मद्रासजवळ अड्यारला आल्या. दोघांची भेट झाली नाही. महायुद्धामुळे बाईंचा मुक्काम लांबला आणि १९४६ पर्यंत इथे त्यांचे अनेक अभ्यासवर्ग झाले. त्यातून शिकलेल्यांनी शहरांत उत्तम शाळा काढल्या. पण आपल्या खेड्यांतल्या बालवाडीची ताई ज्या वाटेने आली ती वाट भावनगर, दादर आणि मग बोर्डी अशी जाते.

१९४४ साली सार्जंट अहवालाने शिशुशाळांत दहा लाख जागा असाव्यात आणि तिथे खास प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियाच नेमाव्यात असं सुचवलं. अहवाल कागदावर राहिला. पुढच्याच वर्षी त्रेपन्न वर्षांच्या ताराबाई दादरचं स्थिरस्थावर काम मागे ठेवून डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला राहायला गेल्या. तो काळ साधा नव्हता. १९४५ सालीच त्या भागात वारली आदिवासींचा वेठबिगारीविरुद्धचा उठाव पेटला होता. अशा वेळी तिथे जाऊन ताराबाईंनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं.

त्याच सुमारास बोरिवलीला कस्तुरबा स्मारक निधीचं ग्रामसेविकांचं शिबिर चालू होतं. तिथे त्यांना अनुताई वाघ भेटल्या. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा जन्म, तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. पुढे शिकून प्राथमिक शिक्षिका झालेल्या, चांदवड तालुक्यात आणि मग पुण्यात नोकरी केलेल्या. वय पस्तीस. रमाबाईंना सहा दशकांपूर्वी जी बाई दिसत होती, ती हीच. ताराबाईंबरोबर त्या बोर्डीला गेल्या आणि पुढचं सगळं आयुष्य त्याच कामाला दिलं.

बोर्डीत भावनगर-दादरचं शिक्षण पुरेना, आणि या हकिगतीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग इथे सुरू होतो. बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातली मुलं येईनात. बोलावून आणावं तर ती बुजायची, सवर्ण पालकांना ती आलेली नको असायची, आणि त्यांच्या आईबापांना सकाळी मजुरीला जायची घाई. प्रशिक्षित माणसाची इथे परीक्षा होती. मुलं येत नाहीत म्हणून त्यांच्यावर किंवा त्यांच्या आईबापांवर दोष ठेवणं सोपं होतं. ताराबाई-अनुताईंनी बालवाडीच उचलून वाड्यात नेली. ताईने साहित्य घेऊन जायचं, कुणाच्या तरी अंगणात मांडायचं, मुलं गोळा करायची, हातपाय-तोंड धुवायचं, केस विंचरायचे आणि मग गाणं, गोष्ट, खेळ. अंगणवाडी जन्मली ती अशी.

साहित्यही बदललं. परदेशी नमुन्याची लाकडी साधनं त्या अंगणात परवडणारी नव्हती आणि शोभणारीही नव्हती. शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या, माती यांतून तीच इंद्रियशिक्षणाची कामं साधायची कशी, हे शोधणं हा ताईच्या शिक्षणाचा भाग झाला. ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून मुलाला लहानमोठं कळतं, हे माहीत असलेली ताई शंखशिंपल्यांतूनही ते कळवू शकते. मनोरा नुसता रचायला शिकलेली ताई मात्र मनोरा नसला की हात बांधून बसते. म्हणून साधनाच्या मागचा हेतू शिकवा, हा बोर्डीचा आग्रह होता.

१९५६-५७ च्या सुमारास काम कोसबादच्या टेकडीवर हललं आणि ताईच्या कामाची व्याप्ती आणखी वाढली. वारल्यांची मुलं गुरं राखायला रानात जायची, तर शिक्षक कुरणात गेला आणि कुरणशाळा सुरू झाली. सात-आठ वर्षांच्या मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन हिंडायच्या, म्हणून त्या शाळेत येऊ शकत नव्हत्या. त्यावर विकासवाडी निघाली, म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, थोरली बहीण शाळेत. पाळणाघर हा स्त्रियांच्या आणि मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, हे डहाणूच्या एका टेकडीवर तेव्हाच कळलं होतं. अनुताईंनी या दिवसांची हकिगत ‘कोसबादच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. बालशिक्षणात काम करणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. १९७३ साली त्या गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी मीना स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने शालापूर्व बालकांविषयीचा अहवाल सरकारला दिला होता, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, त्यातल्या लाखाहून अधिक महाराष्ट्रात. एका वाड्यातल्या अडचणीवर काढलेला तोडगा एवढा पसरला, याचा अभिमान वाटतो.

ताई घडवण्याची रीत मात्र त्याच्याबरोबर गेली नाही. अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर पूरक आहार आला, लसीकरणाची यादी आली, वजनाची नोंद आली, गरोदर माता आल्या, रजिस्टरं आली, आता मोबाइलवरचं अॅप आलं. ही सगळी कामं गरजेची आहेत, कुपोषणाने मूल दगावत असताना गाणी कोण शिकवणार? पण प्रशिक्षणाचे दिवस या सगळ्यांत वाटले गेले. मूळ कामाचं प्रशिक्षण पुढे २६ कामाच्या दिवसांवर आलं आणि त्यात बालशिक्षणाच्या वाट्याला थोडेच दिवस उरले. समोर खरी मुलं बसवून, वही घेऊन, गप्प राहून बघणं हे त्यात मावणार कुठे? ज्या बाईकडून एवढं मागायचं तिला मोबदला ‘मानधन’ म्हणून द्यायचा, ती ‘मानसेवी’ आहे असं म्हणायचं, यामागेही सुरुवातीचा तोच प्रश्न दबा धरून बसलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका आणि मदतनीस उपदानाला, म्हणजे ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला, तेव्हा या कामाला काम म्हणण्याच्या दिशेने एक पाऊल पडलं.

कोसबादची वाट बंद पडलेली नाही. अनुताईंनी १९८२ साली रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही संस्था सुरू केली आणि डहाणूच्याच भागात बालशिक्षण व शिक्षक घडवण्याचं काम चालू राहिलं. अनुताई १९९२ साली गेल्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली आहे. सहा महिने, एक वर्ष हे आकडे वाचून बरं वाटतं. इतक्या वर्षांनी वेळेचा हिशेब पुन्हा भावनगरच्या जवळ आला आहे. पण हा अभ्यासक्रम दूरचित्रवाहिनी आणि स्मार्टफोनवरून, नोकरीत व्यत्यय न आणता घ्यायचा आहे, समोरासमोरचा वर्ग महिन्यातून किमान एक. सेविकेची अडचण ओळखून केलेली ही सोय आहे, तिला नावं ठेवता येणार नाहीत. तरी दर तालुक्यात निदान एक अंगणवाडी अशी हवी, जिथे पटावर खरी मुलं असतील, चालवणारी ताई मुरलेली असेल आणि नव्या सेविकेला वहीपेन्सिल घेऊन दोन-तीन आठवडे तिच्या शेजारी बसता येईल. तेवढ्या दिवसांसाठी तिच्या गावच्या अंगणवाडीत बदली सेविका द्यावी लागेल आणि तिचा खर्च अंदाजपत्रकात धरावा लागेल.