मल्लविनोद ते जत्रेचा फड : कुस्ती पाहणाऱ्यांचा इतिहास

कुस्तीचा इतिहास बहुधा पैलवानांच्या नावांनी सांगितला जातो. पाहणाऱ्यांचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. अमेरिकेतल्या लहानशा गावाला बेसबॉलचे मैदान जे देते, म्हणजे तिकिटापेक्षा ओळखीवर चालणारी गर्दी, आपल्या गावचा म्हणून एक खेळाडू आणि वर्षभर पुरेल इतका वाद, ते सर्व लातूर तालुक्यातील मुरूडसारख्या मोठ्या गावांच्या पंचक्रोशीला जत्रेतील कुस्तीच्या फडाने दिले. हा धागा त्या फडाभोवती बसलेल्या माणसांचा आहे.

आरंभ शब्दांपासून करावा लागतो. मराठवाड्यातला प्रेक्षक फडात बसून जे शब्द उच्चारतो, त्यांचे मूळ पाहिले की दोन परंपरांचा संगम दिसतो. ‘आखाडा’ हा संस्कृतातील ‘अक्षवाट’वरून आलेला. ‘मल्ल’ही तसाच. परंतु ‘कुस्ती’, ‘पैलवान’, ‘दंगल’ हे फारसीतून आले, ‘तालीम’ अरबीतून आणि ‘वस्ताद’ हे ‘उस्ताद’चे मराठी रूप. ज्या प्रदेशावर राष्ट्रकूट, कल्याणीचे चालुक्य, देवगिरीचे यादव, बहमनी, मोगल आणि शेवटी निजाम अशी राज्ये येऊन गेली, त्या प्रदेशाच्या बोलीत याहून वेगळे काही घडणे शक्य नव्हते. संस्कृत आखाड्यात फारसी दंगल व्हावी आणि अरबी तालमीतला पैलवान मारुतीला नमस्कार करून उतरावा, यात प्रेक्षकाला कधी विसंगती जाणवली नाही.

यातील सर्वांत जुना लेखी धागा लातूरपासून फार दूर नाही. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, ते लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यांच्यानंतरच्या चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. तेथे ११२६ ते ११३८ या काळात राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय. त्यातील एक विंशती केवळ विनोदांची आहे. येथे विनोद म्हणजे थट्टा नव्हे, तर राजाचे मन रमवणारी करमणूक. कोंबडे, मेंढे, महिष यांच्या झुंजींच्या शेजारीच ‘मल्लविनोद’ येतो.

मल्लविनोदात मल्लांच्या श्रेणी आहेत, त्यांच्या आहाराची व्यवस्था आहे, आणि व्यायामाचे प्रकार आहेत : वजन उचलणे, चालणे, पोहणे, आणि खांबाशी झुंजण्याचा ‘स्तंभश्रम’. मल्लखांबाचा पहिला लेखी उल्लेख म्हणून अभ्यासक याच स्तंभश्रमाकडे बोट दाखवतात. मात्र या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ग्रंथ खेळणाऱ्यासाठी लिहिलेला नाही. तो पाहणाऱ्यासाठी लिहिलेला आहे, आणि त्यातला पाहणारा एकच आहे. मल्लांना पोसतो राजा, जोड लावतो राजा, रमतो राजा. मेंढ्याच्या झुंजीशेजारी माणसाची झुंज ठेवण्यात त्या काळाला काही खटकले नाही, हेही नोंदवून ठेवावे.

ही दरबारी चौकट पुढे शतकानुशतके टिकली. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबाराची एक कथा मल्लखांबाच्या परंपरेत आवर्जून सांगितली जाते. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्यात आले आणि त्यांनी आव्हान दिले. ते कोणी स्वीकारेना, तेव्हा बाळंभटदादा देवधर यांनी मुदत मागून सप्तशृंगीला साधना केली, खांबावर डाव घोटले आणि अलीला हरवले, असे ही परंपरा मानते. कथेत देवीचा दृष्टान्तही आहे, तेव्हा ती कथा म्हणूनच वाचावी. पण तिची रचना बोलकी आहे : दोन राज्यांची प्रतिष्ठा दोन शरीरांवर लावलेली, आणि पाहणारे पुन्हा दरबारीच.

बदल कोल्हापुरात दगडी रूपात उभा राहिला. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण सोहळ्यासाठी युरोपात गेले होते. रोममधील प्राचीन रंगमंडल पाहून त्यांना खासबाग मैदानाची कल्पना सुचली, असे कोल्हापुरात सांगतात. १९१२ साली ते मैदान खुले झाले आणि पहिली मोठी कुस्ती गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात झाली. मधोमध हौदा, आणि सभोवती चढत जाणारी बैठक, अशी की शेवटच्या माणसालाही पैलवानाचा पाय दिसावा. आश्रयदाता राजाच होता, हे खरे. परंतु येथे हजारो सामान्य माणसांची दृष्टी वास्तुरचनेचा विषय झाली. मल्लविनोदातल्या एकट्या प्रेक्षकाचे आसन फोडून त्याच्या हजारो बैठका केल्यासारखे हे होते.

निजामाच्या मराठवाड्यात असा शाहू झाला नाही. दगडी मैदान नाही, संस्थानचा खुराक नाही. मुरूडजवळून एक गोष्ट मात्र जात होती : बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी. ती १९११ मध्ये लातूरला पोचली. १९२७ मध्ये याच अरुंद रुळांचे दुसरे टोक पंढरपूरमार्गे मिरजेला मिळाले, आणि मिरजेहून कोल्हापूर जवळच. लातूर, मुरूड, ढोकी, तेर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज ही स्थानके एका ओळीत वाचली की निजामी मुलूख आणि कुस्तीची पंढरी यांच्यातला रस्ता नकाशावर उमटतो. गाडी इतकी सावकाश चाले की तिच्यावर विनोद व्हावेत, पण रस्ता होता.

मराठवाड्यातील फडाला इमारत नसते. ही त्याची उणीव म्हणावी की बळ, यावर दोन मते होतील. जत्रेच्या दिवशी देवळाजवळची किंवा ओढ्याकाठची मोकळी जागा निवडतात. काळी जमीन ओली झाली की चिकटते आणि वाळली की दगड होते. म्हणून मऊ, चाळलेली तांबडी माती आणून टाकतात. भोवती लोक मातीवरच गोल करून बसतात, मागचे उभे राहतात, त्यामागचे बैलगाड्यांवर, पुढच्या काळात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, आणि पोरे झाडांवर. गर्दी पुढे सरकते तसा गोल लहान होतो, मग काठी घेऊन कोणीतरी तो पुन्हा मोठा करतो. मैदानाची सीमा अशी प्रेक्षकांच्या गुडघ्यांनी आखलेली असते.

सुरुवात लहान मुलांच्या कुस्त्यांनी होते. त्यांचे बक्षीस रेवड्या, नारळ किंवा किरकोळ नाणी. या ‘रेवड्यांच्या कुस्त्या’ मोठी माणसे हसत पाहतात, पण वस्तादांची नजर तिथेच असते. कोणत्या पोराचा पट चांगला, कोण खाली जाऊनही पाठ लावून देत नाही, याची नोंद तेव्हाच होते. मग हलगी तापते. जोड लावणे ही खरी कला. वजन, वय, आधीचा निकाल, दोन गावांमधला जुना हिशेब, एवढे सगळे क्षणात तोलून पंच दोघांचे हात धरून फडात फिरवतात. जोड विषम वाटली तर प्रेक्षक ओरडून ती मोडायला लावतात. इनाम जाहीर होते. त्यावर गर्दीतून कोणी आपली भर टाकतो आणि निवेदक त्याचे नाव गावासह पुकारतो. शड्डू, सलामी, चिमूटभर माती एकमेकांच्या अंगावर, आणि खडाखडी सुरू.

येथे प्रेक्षक केवळ प्रेक्षक राहत नाही. फडाचा खर्च गावच्या वर्गणीतून आलेला असतो, त्यामुळे निकालावर त्याचा हक्क असतो. निकाली कुस्ती हवी, हा त्याचा आग्रह. ढाक, कलाजंग, मोळी, घिस्सा, एकलंगी, धोबीपछाड ही नावे त्याला तोंडपाठ असतात. डाव पडण्याआधीच तो पुढे झुकलेला असतो. दोन्ही खांदे मातीला टेकले की निकाल कोणी जाहीर करण्याची वाट कोणी पाहत नाही. जिंकलेल्याला फेटा बांधून खांद्यावर घेतात. आणि वेळकाढू कुस्ती झाली, दोघे नुसते मान धरून उभे राहिले, तर त्या दोघांना जे ऐकावे लागते ते येथे लिहिण्यासारखे नाही.

दरबारी चौकट आणि हा फड यांतला फरक हाच आहे. कल्याणीचा मल्ल एका माणसाच्या मर्जीवर जगत होता, जत्रेचा मल्ल शेकडो जाणकारांच्या मर्जीवर जगतो. दुसरी मर्जी अधिक दयाळू असतेच असे नाही. इनामाची रक्कम तालमीच्या वर्षभराच्या खुराकाला पुरत नाही. दूध, तूप, बदाम यांचा भार शेतकरी कुटुंबावरच पडतो. म्हणूनच चांगला पैलवान येथे फार काळ राहू शकला नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण हरिश्चंद्र बिराजदार. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे. शिकले कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ किताब सुरू केला. १९६९ चे अधिवेशन लातूरला भरले. तेव्हा लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण होते. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८२ उजाडायचे होते. त्या लातुरात, घरच्या माणसांसमोर, बिराजदारांनी किताब जिंकला. निजामी राजवट संपून २१ वर्षे आणि महाराष्ट्र राज्य होऊन ९ वर्षे झाली होती. नव्या राज्यात मराठवाडा मागे राहिल्याची भावना तीव्र होती, आणि अशा वेळी राज्याची गदा आपल्या मातीत आपल्याच पोराने उचलणे याला खेळापलीकडचा अर्थ होता.

पुढच्याच वर्षी, जुलै १९७० मध्ये, एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बिराजदार सुवर्णपदक विजेते ठरले. त्या स्पर्धेत भारताला पाच सुवर्णपदके मिळाली आणि ती पाचही कुस्तीतली होती. एडिंबरोला माती नव्हती, गादी होती. हलगी नव्हती, घड्याळ होते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला याच परक्या नियमांशी झगडले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आले. बिराजदारांच्या पिढीला तो धडा ठाऊक होता.

गादीने प्रेक्षकाकडून निकाल काढून घेतला, असे म्हटले तर ते फार चुकीचे होणार नाही. मातीवर निकाल डोळ्यांना दिसतो. गादीवर तो गुणफलकावर दिसतो. ताबा किती क्षण होता, पाय रेषेबाहेर गेला का, हे मागच्या रांगेतल्या माणसाला कळत नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे : गुणपद्धतीने वेळकाढूपणाला आळा बसला, दुखापतींचा धोका कमी झाला, आणि फडातल्या दबावाला न जुमानणारा निकाल शक्य झाला. महाराष्ट्र केसरी स्पर्धेने यावर तोडगा काढला तो अस्सल मराठी. माती आणि गादी असे दोन विभाग, आणि दोन्हींच्या विजेत्यांत अंतिम कुस्ती.

बिराजदारांनी पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पिढ्या घडवल्या. लातूर जिल्ह्यातलेच काका पवार त्यांचे शिष्य. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारेही याच परंपरेतला. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले आणि ते २०११ मध्ये निधन पावलेल्या आपल्या वस्तादांना अर्पण केले. मराठवाड्याची ही सारी वंशावळ पुण्यात वाढली, याकडे प्रादेशिक असमतोलाच्या चर्चेत सिंचनाइतके लक्ष जात नाही. तालीम हीसुद्धा पायाभूत सुविधाच असते.

जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. माती विभागातून लातूरचा शैलेश शेळके, गादी विभागातून नाशिकचा हर्षवर्धन सदगीर. दोघेही काका पवारांच्याच तालमीतले, रोज एकमेकांशी लढणारे. निकाल ३–२ असा गुणांवर लागला आणि सदगीर विजयी झाला. त्यानंतर त्याने शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. जिंकलेल्याला लोकांनी उचलण्याची रीत फडाला ठाऊक होती. हरलेल्याला जिंकणाऱ्याने उचलणे लोकांनी क्वचितच पाहिले होते, आणि ते छायाचित्र घरोघर पोचले.

मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी विजेती ठरली. ज्या फडाच्या गोलात बायकांनी बसणेसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या वर्ज्य मानले गेले, त्या खेळाच्या प्रेक्षकांत आता मुलींच्या आयाही दिसू लागल्या. लातूरच्या सिद्धेश्वर–रत्नेश्वर यात्रेत महाशिवरात्रीच्या सुमारास कुस्त्यांची दंगल आजही भरते, आणि तेथे आधी हाक पडते ती लहान पोरांच्या जोडीला.