जोडा चावतो तेव्हा

जून महिन्यात शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात वर्गातली दोन-चार पोरं लंगडत येतात. नवा गणवेश, नवं दप्तर आणि नवे काळे बूट. तिसऱ्या तासापर्यंत टाचेवर फोड आलेला असतो आणि बाकाखाली बूट काढून ठेवलेले असतात. या वर्षी आठवीतल्या एका मुलानं विचारलं, "सर, मराठीत चप्पल चावते, मग उर्दूत काय करते?" मी म्हटलं, "उर्दूत जूता काटता है." सगळा वर्ग हसला. दोन्ही भाषांनी पादत्राणाला दात दिले आहेत, याची पोरांना गंमत वाटली. मलाही हसू आलं, पण लगेच अब्बांचा पाय आठवला. त्या पायाची गोष्ट सांगायची तर आधी जोड्यांचा थोडा इतिहास सांगावा लागेल.

माझे अब्बा रेल्वेत होते. मिरज जंक्शनवर एके काळी तिन्ही मापांचे रूळ होते. ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १००० आणि पंढरपूरकडे जाणारी छोटी गाडी ७६२ मिलिमीटरची. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर चालत नाही, म्हणून माल इथं उतरवून पुन्हा भरावा लागे. अब्बांची निम्मी नोकरी त्यात गेली. ते म्हणायचे, "माप नै मिल्या तो हमाल मरता." पायाच्या बाबतीतही हेच खरं आहे, फक्त इथं हमाल म्हणजे आपला पाय.

आता बुटावरचा नंबर बघा. सात, आठ, नऊ. हा नंबर कुठून आला? ही इंग्रजांची पद्धत. तिच्या मुळाशी जवाचा दाणा आहे. तीन जव ओळीनं ठेवले की एक इंच, असं जुनं इंग्लिश माप होतं. म्हणून बुटाचा एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते. युरोपच्या चाळीस-बेचाळीस या नंबरांत एक पायरी दोन तृतीयांश सेंटिमीटरची असते. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. नुसता नंबर लांबी सांगतो, पंजा किती रुंद आहे ते सांगत नाही. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात पायाची लांबी आणि रुंदी दोन्ही मोजणारी धातूची पट्टी बनवली आणि तिथल्या दुकानांत ती पोचली. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत आजही विक्रेता पायाकडे एक नजर टाकतो आणि "आठ नंबर बसंल" म्हणतो.

डावा-उजवा हा भेदसुद्धा फार जुना नाही. युरोपात सतराव्या-अठराव्या शतकात दोन्ही पायांचे बूट एकाच सरळ साच्यावर बनत. एकोणिसाव्या शतकात डावा-उजवा वेगळा करण्याची रीत पुन्हा रुळली. आपल्याकडची मोजडी तर अशीच सरळ असायची. घालणारा ती अधूनमधून पायात बदलून घाली, म्हणजे झीज सारखी होई.

बुटाच्या साच्याला उर्दूत 'कालबूत' म्हणतात. त्याच्या शेजारचा अरबी शब्द 'क़ालिब', म्हणजे साचा. अभ्यासक त्याचं मूळ ग्रीक शब्दात शोधतात, ज्याचा अर्थ लाकडी पाय. हाच क़ालिब पुढं युरोपात गेला आणि बंदुकीच्या नळीचं माप सांगणारा 'कॅलिबर' झाला. ग्रीक चांभाराचा लाकडी पाय अरबांच्या हातून तोफखान्यात पोचला. मी वर्गात हे सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही ऐकतात.

आपल्या भागात मात्र साच्याशिवाय, थेट पायावरून जोडा करण्याची रीत होती. कारागीर गिऱ्हाइकाचा पाय ठेवून भोवती रेघ मारायचा आणि त्यावरून तळ कापायचा. ज्याला जग कोल्हापुरी म्हणतं ती चप्पल एकट्या कोल्हापूरची नाही. २०१९ साली जाहीर झालेल्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट हे कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. म्हणजे आपली मिरज त्यात आली. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्राडा कंपनीनं तशीच चप्पल मंचावर आणली आणि उगम सांगितला नाही, म्हणून गदारोळ झाला. कंपनीला तो उगम मान्य करावा लागला. त्या गदारोळात चपलेच्या किमतीवर आणि श्रेयावर खूप बोललं गेलं. ती पायाला कशी बसते यावर कुणी बोललं नाही.

ही चप्पल पहिले काही दिवस चावते. त्याचं कारण तिच्या कातड्यात आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं कमावतात. जुन्या पद्धतीत कातड्याची पिशवी शिवून ती टांगायची आणि आत सालीचं पाणी भरायचं, ते हळूहळू मुरत जायचं. असं कातडं टणक होतं, पण मेलेलं नसतं. अंगाची ऊब, घाम, तेल आणि वजन मिळालं की ते पायाचा आकार घेतं. म्हणून जुनी माणसं सांगायची, नवी कोल्हापुरी आधी तेल पाजून घरातल्या घरात घाला, रोज थोडा थोडा वेळ. महिन्याभरात अंगठ्याची खळगी तळावर उमटते. मग ती चप्पल दुसऱ्या कुणाला बसत नाही.

हल्ली बर्फावर फळीवर उभं राहून घसरण्याच्या खेळासाठी जे जाड बूट मिळतात, त्यांचं आतलं अस्तर दुकानात गरम करून पायावर बसवून देतात, असं वाचलं. तिथं यंत्राची उष्णता दहा-पंधरा मिनिटांत जे करते, ते इथं अंगाची ऊब महिन्याभरात करते. बूट आणि पाय यांत बदलायचं कुणी, तर बुटानं, हे दोन्हीकडच्या कारागिरांना ठाऊक होतं.

या चपलेमागं किती हात आहेत तेही बघा. जनावर कापणारा आणि कातडं काढणारा कुरेशी, ते कमावणारा ढोर समाज, कापून शिवणारा चर्मकार समाज, आणि घरात बसून वेणी घालणाऱ्या बाया. आपल्या समाजात बकरी ईदची कातडी मदरशांना देण्याची रीत आहे, तीही याच बाजारात जात. यातल्या एकालाही गावानं कधी सहज आपल्या पंगतीला घेतलं नाही, पण चप्पल मात्र सगळ्यांनी घातली. मिरजेला एक वेगळी आठवण जपलेली आहे. ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला मान आहे. ज्या दाराबाहेर सगळे चपला काढून ठेवतात, त्या दारातून चपला शिवणाऱ्यांचा गलेफ मानानं आत जातो. लहानपणी मला हे इतकं नेहमीचं वाटे की त्यात काही सांगण्यासारखं आहे हेच कळलं नव्हतं.

आता अब्बांचा पाय. निवृत्तीनंतर त्यांना साखर निघाली. त्यांनी गोळ्या घेतल्या, चहातली साखर सोडली, पण पायाकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. एका ईदला मी त्यांना नवे बूट आणले, नेहमीचाच आठ नंबर. घालून ते अंगणात दोन चकरा मारून आले. मी विचारलं, "अब्बा, कहाँ लगता क्या?" ते म्हणाले, "कहींच नै लगता बेटा. मक्खन है मक्खन."

ते खरं बोलत होते. त्यांना काहीच लागत नव्हतं, कारण त्यांच्या पायाची जाणीव गेली होती. बूट पंजात आवळत होता, करंगळीवर घासत होता आणि पाय गप्प होता. थंडीचे दिवस होते. अब्बा घरात चामडी मोजे घालत. वझूच्या वेळी त्यांवर मसह करण्याची सवलत आहे, मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र. दिवसातून एकदा मोजे काढून ते पाय धूत, पण नजर अधू झालेली, वाकवत नव्हतं, आणि दुखत तर काहीच नव्हतं. अम्मीला एक दिवस मोज्यातून वास आला. तोवर जखम हाडापर्यंत गेली होती. करंगळी काढावी लागली.

मसहच्या सवलतीबद्दल माझी तक्रार नाही. उलट त्याच फ़िक़हच्या किताबांत चामडी मोजा घोट्यापर्यंत झाकणारा हवा, तो घालून चालता आलं पाहिजे, पायाच्या तीन लहान बोटांएवढा फाटलेला असेल तर चालणार नाही, इतका बारीक विचार आहे. वझूत पायाच्या बोटांच्या बेचक्यांतून ओलं बोट फिरवायला सांगितलं आहे. साखरेच्या रोग्याला डॉक्टर हेच सांगतात, रोज बेचक्या तपासा. चूक माझी होती. अब्बांच्या वझूच्या वेळी मी शेजारीच बसत होतो आणि माझे पाय धूत होतो.

दवाखान्यात फेऱ्या मारताना मला आपल्याच गावाचा एक इतिहास नव्यानं कळला. मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन इस्पितळ उभं केलं, आणि त्या मिशनच्या कामातून कुष्ठरोग्यांसाठी वेगळं इस्पितळही झालं. कुष्ठरोगाबद्दल जगभर समज होता की त्यात बोटं आपोआप सडून गळतात. १९४६ मध्ये वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवलं की तसं नसतं. रोगानं नस बधिर होते, दुखणं कळत नाही, आणि मग खिळा, निखारा, दगड, न बसणारा जोडा यांच्या जखमा पाय खाऊन टाकतात. दुखणं ही देणगी आहे, असं ते पुढं आयुष्यभर सांगत राहिले. त्या काळात दक्षिणेत बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा तळ वापरून चपला बनू लागल्या. आत मऊ रबर, बाहेर टणक तळ, कुठंही खिळा नाही आणि टाचेमागं पट्टा. तीच चप्पल आज साखरेच्या रोग्यांना लिहून देतात.

अब्बांना ती चप्पल हवी होती, तीही त्यांच्या चार बोटांच्या पायाला बसेल अशी. आमच्या ओळखीच्या एका चर्मकार काकांकडं त्यांना घेऊन गेलो. मी पिशवीतून उर्दू अखबार काढून जमिनीवर पसरला, त्यावर पाय ठेवून रेघ मारावी म्हणून. काकांनी तो उचलून घडी घालून माझ्या हातात दिला. "मास्तर, ह्येच्यात तुमच्या अल्लाचं नाव आसंल कुटंतरी," म्हणाले, आणि आतून खाकी कागद आणला. मग त्यांनी अब्बांचा पाय दोन्ही हातांत धरला, अंगठ्यानं दाबून बघितला आणि विचारलं, "चाचा, लागतंय का?" अब्बा म्हणाले, "न्हाई." काका माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्येंचं न्हाई धरायचं न्हाई. आता तुमीच बघायचं."

गेल्या काही वर्षांत चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभरातल्या लाखाहून अधिक लोकांचे पाय यंत्रानं मोजले. निघालं असं की आपले पंजे युरोपी-अमेरिकी पायांपेक्षा रुंद आहेत. म्हणजे आपण पिढ्यान् पिढ्या लांबट, अरुंद बूट घालत आलो, रुंदी मिळावी म्हणून एक नंबर मोठा घेत आलो, आणि मग टाच सुटते म्हणून नाड्या आवळत आलो. आता भारतीय पायांसाठी 'भा' नावाची मापं ठरवण्याचं काम चालू आहे. ती दुकानात येतील तेव्हा येतील. तोवर काकांनी शिकवलेलं सांगतो.

जोडा संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. दोन्ही पाय मोजा, एक मोठा असतो, माप त्याचं धरा. खाकी कागदावर उभं राहून पायाची रेघ काढा, कापून तो कागद दुकानात न्या आणि बुटाच्या तळाखाली धरा. कागद कडेनं बाहेर आला तर तो बूट तुमचा नाही, नंबर काहीही असो. पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच उचलता कामा नये. नवा जोडा आधी घरात घाला. साखर असेल तर टणक कोल्हापुरीचा मोह सोडा, मग ती कितीही आपली असो. जोडा घालण्याआधी आत हात फिरवा आणि रात्री तळवा आरशात बघा, किंवा घरातल्या दुसऱ्यानं बघावा.

आठवीतल्या त्या पोराला मी वहीच्या खाकी कव्हरवर उभं केलं आणि रेघ मारली. त्याचा बूट रेघेच्या आत दोन्ही बाजूंनी बोटभर कमी पडला. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप शाळेत आला, जरा रागातच. नवे बूट आहेत, पैसे मोजलेत, चार दिवसांत बसतील म्हणाला. मी तो कागद त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यानं बराच वेळ बघितला, मग हळूच आपली चप्पल काढली आणि त्या कागदाशेजारी स्वतःचा पाय ठेवला. तोही तसाच रुंद होता.

घरी मगरिबच्या वझूला आता मी अब्बांचे पाय धुतो. आधी ते संकोचायचे. आता पाय पुढं करतात आणि विचारतात, "देख, कुछ है क्या?"