आर्नोकाठचा संगम

स्मरणिकेच्या ग्रुपवर फर्मान आलं, "तू तीन वर्षं म्युनिकला होतीस, युरोपच्या सहलीवर लिही." खरं सांगायचं तर माझ्या सहलींत लिहिण्यासारखं फार नाही. चर्च, पूल, संग्रहालय, आइस्क्रीम आणि मुलीची भुणभुण. फ्लॉरेन्सची एक सकाळ मात्र आपल्या इतिहासाच्या बाईंना सांगायची राहून गेली होती, ती इथे सांगते. बाई, तारखा तपासून लिहिल्या आहेत.

राजाराम म्हटलं की आपल्याला जिंजी आठवते. हे राजाराम महाराज त्यांच्यानंतरचे, कोल्हापूरच्या गादीवरचे दुसरे. जन्म १८५० चा, मूळचे पाटणकर घराण्यातले नागोजीराव. १८६६ साली दत्तक जाऊन ते छत्रपती झाले. इंग्रजी चांगलं शिकलेले होते. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो असं मानणाऱ्या काळात, १८७० च्या उन्हाळ्यात ते इंग्लंड बघायला निघाले. इंग्लंडला जाणाऱ्या अगदी पहिल्या संस्थानिकांपैकी ते एक. सोबत स्वतःचे आचारी आणि सेवक होते, शिवाय कॅप्टन वेस्ट नावाचे इंग्रज अधिकारी. तिथे राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, बरंच फिरणं झालं. महाराज रोज इंग्रजीत डायरी लिहीत. ती डायरी वेस्टसाहेबांनी संपादित करून १८७२ साली लंडनला छापली. तेव्हा लिहिणारा हयात नव्हता.

परतीच्या वाटेवर युरोपात युद्ध पेटलेलं होतं. सप्टेंबरपासून पॅरिसला प्रशियाच्या फौजांचा वेढा होता. त्यामुळे ही मंडळी बेल्जियम, जर्मनी करत ऑस्ट्रियात आली. इन्सब्रुकला महाराजांचं आजारपण बळावलं. तशाच अवस्थेत त्यांना आल्प्सपलीकडे फ्लॉरेन्सला नेलं. ब्रेनरच्या खिंडीतली रेल्वे जेमतेम तीन वर्षांपूर्वी, १८६७ साली सुरू झाली होती.

हा मार्ग वाचताना मी थबकले, कारण आमचं तिकीटही तेच होतं. म्युनिक, इन्सब्रुक, ब्रेनर, मग बोलोन्याला गाडी बदलून फ्लॉरेन्स. खिडकीतून बर्फाचे डोंगर बघत आम्ही मेथीचे ठेपले खाल्ले. त्याच डोंगरांतून त्या नोव्हेंबरात एक आजारी मुलगा घराकडे निघाला होता. मुलगा म्हटलं म्हणून कोल्हापूरकरांनी रागावू नये. वीस वर्षांचे होते ते. त्या वयात आपण इंजिनिअरिंगच्या सबमिशनसाठी रात्री जागवत होतो.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. नुकतंच रोम जिंकलं होतं, पण राजधानी अजून हलली नव्हती. मायकेलअँजेलोचा डेव्हिड आज संग्रहालयात तिकीट काढून बघावा लागतो, तो त्या वेळी चौकात उघड्यावर उभा होता. महाराजांनी यातलं काही डोळे भरून पाहिलं असेल असं वाटत नाही. ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथल्या हॉटेलातच त्यांचं निधन झालं.

पुढे काय, हा प्रश्न त्या शहराला पूर्वी पडलाच नसावा. आजारी प्रवासी मेला की त्याला पुरायचं, एवढंच ठाऊक. इटलीत दहनाची रीत नव्हती. १८२२ साली कवी शेली बुडून मरण पावला, त्याचं दहन व्हियारेज्जोच्या किनाऱ्यावर झालं होतं, पण ते रोगराईच्या भीतीपोटी केलेल्या नियमांमुळे. महाराजांच्या माणसांची मागणी निराळी होती. अग्नी हवा, तोही नदीकाठी, आणि शक्यतो दोन नद्या मिळतात तिथे. परमुलुखात, परक्या भाषेत, मालक गेलेला असताना, त्या कोल्हापुरी सेवकांनी हे कसं धरून लावलं असेल? त्यांची बाजू डायरीत नाही, डायरी राजाची आणि टिपणं साहेबाची. मला तर राजापेक्षा त्या माणसांबद्दल जास्त जाणून घ्यावंसं वाटतं.

ब्रिटिश वकिलातीने नगरपालिकेशी बोलणी केली आणि परवानगी मिळाली. आम्ही प्रोग्रॅम लिहिताना नियमात न बसणाऱ्या प्रसंगांसाठी वेगळी वाट ठेवतो. ती ठेवली नाही तर अख्खी यंत्रणा तिथेच अडते. फ्लॉरेन्सने एका रात्रीत तशी वाट काढली. अर्थात यात नुसता चांगुलपणा बघायला मी तयार नाही. मेलेला माणूस छत्रपती होता आणि मागे इंग्रजांचं साम्राज्य उभं होतं. एखादा हिंदू खलाशी तिथे मेला असता तर त्याच्यासाठी कुणी वकील धावला असता असं वाटत नाही.

शहराच्या पश्चिमेला आर्नो नदीकाठी कास्किने नावाचं लांबलचक उद्यान आहे. त्याच्या पार टोकाला मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो. ती जागा ठरली. मध्यरात्रीनंतर तिथे चिता पेटली. बातमी फुटली होती, थंडीतही बघ्यांची गर्दी जमली. काही अस्थी भारतात आणल्या गेल्या, बाकीची राख आर्नोत गेली.

सहा वर्षांनी, १८७६ साली, मिलानमध्ये आल्बेर्तो केलर नावाच्या उद्योजकाच्या देहाचं खास बांधलेल्या दाहिनीत दहन झालं. १८७४ साली तो वारला तेव्हा दाहिनी नव्हती म्हणून देह दोन वर्षं जपून ठेवला होता! दहनाचा पुरस्कार करणाऱ्यांची चळवळ इटलीत वाढली तशी चर्चने १८८६ साली दहनावर बंदी घातली, ती थेट १९६३ पर्यंत टिकली. आर्नोकाठच्या त्या एका चितेमुळे हे सगळं घडलं असा दावा मी करणार नाही. पण नंतर ज्यावरून इतकी वर्षं वाद चालला, ती गोष्ट एका नगरपालिकेने आधीच करू दिली होती.

आम्ही तिथे पायी गेलो. शहरापासून तासभर चालावं लागतं. एवढ्या लांब "नुसता पुतळा" बघायला का जायचं यावर घरात मतभेद होते. वाटेत धावणारी माणसं, सायकली, कुत्री, बाबागाड्या. पर्यटक कुणीच नाही. टोकाला मात्र एकदम आपल्याकडची छत्री दिसते, चार खांबांची, आणि तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. स्मारक १८७४ चं. रचना चार्ल्स मँट यांची, पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. मँट यांचं काम तुम्ही पाहिलेलं आहे: कोल्हापूरचा नवा राजवाडा त्यांच्याच आराखड्याचा. चौथऱ्याच्या चार बाजूंना चार भाषांत मजकूर कोरला आहे. वयाच्या एकविसाव्या वर्षी, इंग्लंडहून भारतात परतताना मृत्यू, एवढंच.

फ्लॉरेन्सकर या जागेला 'इंदियानो' म्हणतात, म्हणजे 'तो हिंदी माणूस'. १९७८ साली शेजारी तारांवर तोललेला मोठा पूल झाला, त्याचंही नाव इंदियानोचा पूल. गाड्या रोज त्यावरून जातात. नाव राहिलं, पण कोणाचं ते गळून गेलं. कोल्हापुरात उलट झालं. राजाराम कॉलेज यांच्याच नावाचं, तिथे गोपाळ कृष्ण गोखले शिकले. पण तिथे शिकलेल्या माझ्या एका सहकाऱ्याला हे राजाराम फ्लॉरेन्सला गेले हे ठाऊक नव्हतं.

संगम बघून मी जरा खट्टू झाले. मुन्योने म्हणजे फार तर आपली तपोवनातली कपिला. बांध घातलेले काठ, झुडपं, मंद पाणी. मग वाटलं, कपिला गोदावरीला मिळते तिथेही परका माणूस असाच बघत राहील की यात पाहण्यासारखं काय.

बाबा एप्रिल २०२१ मध्ये गेले. विमानं जवळजवळ बंद होती. दादाने रामकुंडात अस्थी सोडल्या, त्या मी म्युनिकच्या स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर पाहिल्या. नेटवर्क गेलं आणि चित्र गुरुजींच्या हातावर थांबलं. दादाने नंतर पुष्कळदा सांगितलं, सगळं नीट झालं. विश्वास आहे, पण काहीतरी अडकून राहिलं होतं. त्या ओढ्याकाठी मला कोल्हापूर आठवलं. बोटीने पत्र पोचायला आठवडे लागायचे. वाड्यातल्या बायकांनी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला असेल, की परक्या शहरात, आपल्या लेकराचं सगळं नीट झालं?

मी पाण्यात हात बुडवला. मुलीने विचारलं, हे पाणी गोदावरीचं नातेवाईक आहे का. मी म्हटलं, लांबचं.

आपल्यापैकी कुणी फ्लॉरेन्सला गेलं तर घुमट, डेव्हिड, जुना पूल बघाच, पण एक सकाळ इकडे ठेवा. उन्हं चढायच्या आत निघा, पाण्याची बाटली घ्या आणि नदी डाव्या हाताला ठेवून उद्यान संपेपर्यंत चालत राहा. फुलं न्यायची असतील तर शहरातूनच घ्या, तिकडे मिळत नाहीत.