कृत्रिम फुलांचं पेन आणि पेनस्टँड घरी कसं बनवायचं? प्लॅस्टिकचं फूल का टाळावं?

फुलाचं पेन किंवा फुलांनी सजवलेलं पेनस्टँड पाच मिनिटांत बनवून दाखवणारे रील्स तुम्ही पाहिले असतील. घरी करून पाहिलं की आठ दिवसांत फूल सुटून हातात येतं, नाहीतर एक पेन काढताच अख्खं स्टँड आडवं होतं. मोहोळसारख्या तालुक्याच्या गावात सहज मिळणाऱ्या साहित्यातून हीच वस्तू टिकाऊ कशी करायची, ते या लेखात पाहूया.

फूल कशाचं घ्यावं?

कटलरीच्या दुकानात सर्वात स्वस्त मिळतं ते प्लॅस्टिकचं फूल. हे फूल बहुतेकदा पॉलिथिनचं असतं, आणि पॉलिथिनच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गोंद धरत नाही. रील्समधलं फूल गळून पडण्याचं अर्धं कारण इथेच आहे.

दुसरं कारण शेताशी जोडलेलं आहे. स्वस्त प्लॅस्टिकच्या फुलांमुळे झेंडू, शेवंतीला भाव मिळत नाही, अशी फूल उत्पादकांची तक्रार आहे. ग्रोअर्स फ्लॉवर कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेने बंदीसाठी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. जुलै २०२५ मध्ये विधानसभेतही हा विषय आला आणि फलोत्पादनमंत्री भरत गोगावले यांनी बंदीचं आश्वासन दिलं. दसऱ्याच्या तोरणात प्लॅस्टिकचा झेंडू लावला की खऱ्या झेंडूचं गिऱ्हाईक कमी होतं, हे उघड आहे. टेबलावरच्या पेनाचं तसं नाही. तिथे ताजं फूल कोणी लावणारच नव्हतं. तरीही फूल कापडाचं असलं तर उत्तम.

तसं पाहिलं तर खोटी फुलं आपल्याला नवी नाहीत. भेंड नावाच्या पाणवनस्पतीच्या पांढऱ्या, हलक्या गाभ्यापासून लग्नाची बाशिंगं आणि फुलं पूर्वीपासून बनत आली आहेत. आता भेंड मिळणं अवघड, पण सोलापूर जिल्ह्यात कापडाला तोटा नाही. चादर, टॉवेल आणि शाळेचे गणवेश ही सोलापूरची ओळख. त्यामुळे शिंप्याच्या मशीनखाली पडलेली कात्रणं मागितली तर कोणी नाही म्हणत नाही.

कात्रणातून फूल

आधी कापडाचा एक धागा जाळून पाहा. वितळून त्याची कडक गोळी झाली तर कापड पॉलिस्टरचं. जळक्या कागदासारखा वास येऊन राख झाली तर सुती. गणवेशाचं टेरीकॉट दोन्हींचं मिश्रण असतं.

पॉलिस्टर किंवा सॅटिनचे लहान होत जाणारे पाच-सहा गोल कापा. प्रत्येक गोलाला कडेकडून मध्याकडे चार चिरा द्या, मध्य मात्र अखंड ठेवा. मग कडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या बाजूने, थोड्या अंतरावरून फिरवा. कडा आत वळतात आणि पाकळीचा आकार येतो. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो, म्हणून हे काम मुलांकडे देऊ नका आणि पाण्याचं भांडं जवळ ठेवा. सुती कापडाला ज्योत चालत नाही. ते पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून वाळवा आणि मगच कापा, म्हणजे दोरे सुटत नाहीत. साबुदाण्याची खळही चालते, पण तिला झुरळं लागतात.

गोल एकावर एक ठेवून मधोमध सुईदोऱ्याने टाके घाला, वर एक मणी बसवा. त्याच जागेतून बारीक तार ओवून मागे पिळा. हाच देठ.

फुलाचं पेन

बँकेत पेन दोरीने बांधलेलं असतं, कारण लोक ते नकळत खिशात टाकतात. मोठं फूल लावलेलं पेन मात्र कोणी चुकून खिशात टाकत नाही! दुकानाच्या गल्ल्यावर ते म्हणूनच उपयोगी पडतं.

पेन साधं बॉलपेन घ्या. बटणाच्या पेनाचं बटण फुलाखाली झाकलं जातं. देठाची दोनेक इंच तार पेनाच्या मागच्या टोकाला लावून त्यावर फ्लोरल टेप तिरकी गुंडाळा. ही मेण लावलेली कागदी टेप ताणल्याशिवाय चिकटत नाही, हे रील्समध्ये सहसा सांगत नाहीत. आणि निबेच्या बाजूला, जिथून रिफिल बदलतो, तिथे टेप अजिबात नको. अनेकजण संपूर्ण पेन मढवून टाकतात. मग शाई संपली की फुलासकट कचऱ्यात.

स्टँड पडू नये म्हणून

पेनांचा भार वर असतो, त्यामुळे तळ जड हवा. पत्र्याच्या डब्यात तळाशी तीन-चार बोटं प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओता किंवा खडे भरा. कुंभाराकडची छोटी कुंडी घेतली तर तेवढंही लागत नाही. सगळी पेनं एकाच कडेला टेकवून पाहा. स्टँड कललं तर वजन वाढवा. उरलेलं प्लॅस्टर बेसिनमध्ये ओतू नका, ते पाइपमध्येच घट्ट होतं.

ऊन आणि धूळ

ग्लू गनचा गोंद उष्णतेने वितळतो, म्हणूनच तो वापरता येतो. पण एप्रिल-मेमध्ये सोलापूरकडे पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवलेल्या वस्तूचा गोंद तेव्हा मऊ पडू शकतो. म्हणून फूल तार आणि दोऱ्यावरच उभं राहायला हवं, गोंद फक्त सजावटीपुरता. सरळ ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवलं तर रंगही उडतो. धूळ रंगाच्या कोरड्या ब्रशने झटकावी.

विकायचं असेल तर

बचत गटांना ‘उमेद’ अभियानामार्फत प्रदर्शनांत स्टॉल मिळू शकतो. किंमत ठरवताना मात्र अनेक ताई फक्त टेप आणि पेनाचे पैसे धरतात, कारण कात्रण फुकट मिळालेलं असतं. एका फुलाला पाऊण तास लागत असेल तर त्या पाऊण तासाची मजुरी आधी लिहा, साहित्याचा खर्च त्यात मिळवा आणि मगच गिऱ्हाइकाला भाव सांगा. तो भाव बाजारातल्या तयार प्लॅस्टिकच्या फुलापेक्षा जास्तच येईल. रिफिल बदलता येतो हे तिथेच करून दाखवलं, तर फरक समजावून सांगावा लागत नाही.