इंजिन बांधल्यानंतर ट्रॅक्टर स्लोवर अडखळतो? असे करा निदान

पेरणीपूर्व मशागतीआधी अनेक शेतकरी ट्रॅक्टरचे इंजिन बांधून घेतात. नवीन लायनर, पिस्टन आणि रिंगा बसवूनही काही वेळा इंजिन स्लो रेसवर थरथरते, आचके देते किंवा बंद पडते. अशा वेळी स्लोचा स्क्रू फिरवून रेस वाढवली, तर दोष फक्त झाकला जातो. लगेच इंजिन पुन्हा उघडणेही योग्य नाही. दोष बऱ्याचदा डिझेलच्या मार्गात किंवा टॅपेटमध्ये असतो. म्हणून कमी खर्चाच्या तपासणीपासून सुरुवात करावी.

स्लोवरच त्रास का जाणवतो?
कमी वेगात पिस्टनचा प्रत्येक फेरा सावकाश होतो. त्यामुळे रिंग किंवा व्हॉल्व्हमधून दाब गळायला जास्त वेळ मिळतो. डिझेलही थोडेच फवारले जात असल्याने एका सिलिंडरला किंचित कमी मिळाले तरी फरक कळतो. रेस वाढवल्यावर हाच फरक लपतो.

आधी लक्षण ओळखा
इंजिन कामाच्या तापमानाला आल्यावर आवाज ऐकावा.
• ठरावीक अंतराने ठोका चुकतो : एखादे सिलिंडर नीट पेटत नाही.
• रेस आपोआप वर-खाली होते : डिझेलमध्ये हवा किंवा पंपाच्या गव्हर्नरमध्ये अडथळा.
• आवाज एकसारखा, पण थरथर जास्त : इंजिनाचे माउंटिंग ढिले. काही चार सिलिंडर इंजिनांत बॅलन्सर असतो. तो खुणेवर न बसल्यासही असे होते.

धूरही पाहावा. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिल्यास डिझेल न जळता बाहेर पडत आहे किंवा पाणी सिलिंडरमध्ये जात आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळणे. रिंगा बसेपर्यंत सुरुवातीला तो थोडा दिसू शकतो, मात्र तो कमी होत गेला पाहिजे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त.

तपासणीचा क्रम
१) हवा काढणे : इंजिन उघडताना डिझेलच्या पाइप सुटतात आणि हवा शिरते. हँड प्रायमर मारून फिल्टर व पंपावरील स्क्रूमधून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. काही तासांनी पुन्हा हवा आली, तर टाकीपासून पंपापर्यंतचे वॉशर आणि जोड तपासावेत.

२) कमजोर सिलिंडर शोधणे : स्लोवर एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित ढिला करून पुन्हा कसावा. ज्या सिलिंडरचा नट ढिला केल्यावर आवाजात फरक पडत नाही, ते सिलिंडर काम करत नाही. डिझेलची धार अतिशय दाबाची असते व कातडीत शिरू शकते. हातमोजे व चष्मा वापरावा, हात धारेसमोर नेऊ नये, चाचणी जाणकार मेकॅनिककडूनच करावी.
सीआरडीआय इंजिनावर ही चाचणी कधीही करू नये. तेथे स्कॅनर वापरावा. 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीवरील नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-4 निकष लागू झाल्याने त्यांत अशी इंजिने आढळतात.

३) नोझल अदलाबदल : कमजोर सिलिंडरचे नोझल शेजारच्या सिलिंडरला लावावे. दोष नोझलसोबत सरकला, तर नोझल पंप-नोझलच्या दुकानात तपासून घ्यावे. दोष जागेवरच राहिला, तर पुढील तपासणी करावी. नोझल बसवताना तांब्याचा नवा वॉशर वापरावा आणि जुना वॉशर भोकात अडकून राहिला नाही ना, हे पाहावे.

४) टॅपेट : अंतर फार कमी असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब गळतो. फिलर गेजने मॅन्युअलमधील मापानुसार अंतर लावावे. ते थंड इंजिनावर मोजायचे की गरम, हेही मॅन्युअलमध्ये पाहावे. हेड पुन्हा कसले असल्यास टॅपेट पुन्हा लावणे आवश्यक आहे.

५) पंपाचे टायमिंग : सर्वच सिलिंडरमध्ये सारखा त्रास असेल, तर गिअर व पंपाच्या खुणा तपासाव्यात. टायमिंग मागे असल्यास पांढरा धूर येतो व स्टार्टिंग जड होते. पुढे असल्यास इंजिन ठोकते.

६) कॉम्प्रेशन : वरील सर्व ठीक असेल, तरच डिझेल इंजिनाच्या गेजने दाब मोजावा. सिलिंडरमधील आपसातला फरक महत्त्वाचा. शेजारच्या दोन सिलिंडरचा दाब कमी असल्यास हेड गॅसकेटचा संशय घ्यावा. एकाचाच कमी असल्यास व्हॉल्व्ह किंवा रिंग तपासावी. इंजिन उघडण्याचा निर्णय या टप्प्यावर घ्यावा.

इंजिन त्वरित बंद करा
• ऑइल प्रेशरचा दिवा लागल्यास
• धातू आपटल्यासारखा आवाज आल्यास
• ऑइल दुधाळ झाल्यास किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे दिसल्यास (गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये)

रनिंग-इनची काळजी
नवीन इंजिन तासन् तास स्लोवर चालू ठेवू नये. दाब न मिळाल्याने रिंगा लायनरला नीट बसत नाहीत, लायनर गुळगुळीत होतो आणि ऑइल जळू लागते. सुरुवातीला हलके ते मध्यम काम द्यावे. खोल नांगरट टाळावी. पहिले ऑइल व फिल्टर मॅन्युअलमध्ये दिलेल्या तासांनंतर बदलावेत.

मेकॅनिककडे जाताना बदललेल्या भागांचे बिल, चाललेले तास, धुराचा रंग आणि त्रास थंड इंजिनावर होतो की गरम, याची नोंद सोबत न्यावी. त्यामुळे निदान लवकर होते आणि इंजिन विनाकारण दुसऱ्यांदा उघडण्याचा खर्च वाचतो.